हक्काचा पूर

सोलापूर-मंगळवेढ्याकडच्या माणसाला मालदांडी ज्वारी समजावून सांगावी लागत नाही. पाऊस सरत आला की काळ्या रानात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढू द्यायची. विहीर नाही, मोटर नाही. रान खोल असलं आणि पाणी नीट मुरलं असलं की कणीस भरतं. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीबद्दल वाचायला लागलो तेव्हा सगळ्यात आधी या ज्वारीनेच मला थांबवलं. सहाराच्या दक्षिण काठावर, पोदोरसारख्या गावात वर्षाला ३०० मिलिमीटर पाऊसही धड होत नाही. तिथेही लोक पिढ्यान्‌पिढ्या ओलीवरची ज्वारी घेत आले आहेत. ती ओल त्यांना आभाळाने दिलेली नसते, नदीच्या पुराने आणून दिलेली असते.

हा पूर कोणाचा, असा प्रश्न आहे. माझं उत्तर स्पष्ट आहे: तो नदीकाठी शेती, मासेमारी आणि गुरं राखणाऱ्यांचा आहे. नदीवर बांधलेल्या धरणाचे दरवाजे आज दुसऱ्यांच्या हातात असले तरी ते पाणी या लोकांचं हक्काचं आहे, आणि वर्षाचा हिशोब मांडताना विजेच्या आधी ते बाजूला काढलं गेलं पाहिजे.

नदी उगम पावते गिनीतल्या फुता जालोनच्या डोंगराळ भागात. तिथून येणारी बाफिंग म्हणजे काळी नदी, आणि बाकोय म्हणजे पांढरी नदी. मालीतल्या बाफुलाबे गावाशी दोघी एकत्र येतात. गावाच्या नावाचा अर्थच नद्यांचा संगम. पुढे बाकेलच्या वरच्या अंगाला फालेमे मिळते. मग नदी सेनेगल आणि मॉरिटानिया यांची सीमा होऊन मातम, काएदी, पोदोर, रोसो करत सेंट-लुईजवळ अटलांटिकला भेटते. सगळी मिळून लांबी सुमारे १,८०० किलोमीटर. पाऊस पडतो डोंगरात, आणि पूर येतो शेकडो किलोमीटर खाली, जवळपास वाळवंटात. सप्टेंबर-ऑक्टोबरात नदी पात्र सोडून दोन्ही काठांवर पसरते. पुलार भाषेत या पुराखाली येणाऱ्या सखल जमिनीला ‘वालो’ म्हणतात आणि पाणी कधीच पोचत नाही त्या माळाला ‘जेरी’. आपल्याकडच्या मळईच्या जमिनीशी वालोचं जवळचं नातं आहे. धरणाचं पाणी उतरल्यावर आपल्याकडे जे गाळपेर करतात, तेही डोळ्यांसमोर आणा. फरक आवाक्याचा आहे. चांगल्या पुराच्या वर्षी सेनेगलच्या खोऱ्यात लाखभर हेक्टरांवर अशी पेरणी होत असे.

ही पेरणी बघण्यासारखी असते. पाणी ओसरलं की चिकणमातीवर आधी चकाकता पापुद्रा धरतो, मग तो सुकून भेगाळतो. या भेगांखाली ओल असते. पुरुष पुढे चालतो आणि जड लाकडी पहारीने कडक थर फोडून खोल भोक पाडतो. मागून बायको किंवा मूल चिमूटभर बी टाकतं आणि वर कोरडी, भुसभुशीत माती लोटतं, म्हणजे खालची ओल उडून जात नाही. आपण ज्याला टोकण म्हणतो तेच हे. पाणी जसजसं मागे सरकतं, तसतशी पेरणी त्याच्या पावलावर पाऊल ठेवून उतारावरून खाली उतरते. वरच्या अंगाच्या रोपांना हातभर उंची आलेली असते तेव्हा खाली अजून चिखल असतो. यात खत विकत घ्यावं लागत नाही, कारण ते नदी आणून टाकते. डिझेल लागत नाही. कर्ज काढावं लागत नाही.

मात्र या शेतीला पुराचं वेळापत्रक लागतं. पाणी शेतात महिना-दीड महिना उभं राहिलं पाहिजे, नाहीतर ओल खोलवर जात नाही. ते वेळेवर उतरलं पाहिजे. लवकर उतरलं तर रोप उन्हात सापडतं, उशीर झाला तर थंडीत. आणि एकदा उतरल्यावर पुन्हा चढता कामा नये, कारण नव्या टोकणीवर दुसरा लोंढा आला तर बी आणि मेहनत दोन्ही वाहून जातात. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण पाण्याच्या हक्काबद्दल बोलतो ते टीएमसीत. नगर-नाशिकची धरणं आणि जायकवाडी यांच्यातलं समन्यायी वाटप म्हणजे किती पाणी सोडायचं याचा वाद. सेनेगलच्या काठच्या शेतकऱ्याला किती एवढंच विचारून भागत नाही. कधी, किती उंचीपर्यंत आणि किती दिवस, हे त्याचे प्रश्न आहेत. वर्षभर थोडं थोडं करून दिलेलं तेवढंच पाणी त्याच्या काहीही कामाचं नाही.

ज्वारी ही पुराने दिलेल्या गोष्टींपैकी फक्त एक. पसरलेल्या उथळ, उबदार पाण्यात मासे अंडी घालतात आणि पिल्लं वाढतात; पाणी उतरताना ती मुख्य पात्रात परततात. त्यावर सुबालबे जगतात. हा फुता तोरोमधला, म्हणजे नदीच्या मधल्या खोऱ्यातला, मासेमारांचा समाज. नदीचं पाणी ‘जाणणारे’ म्हणून गावात त्यांचा मान असतो आणि पेकान ही त्यांची स्वतःची गायनपरंपरा आहे. ज्वारी काढली की फुलानी गुराखी आपली जनावरं धाटांवर सोडतात. जनावरांना चारा होतो आणि शेताला शेणखत. पुराच्या पाण्यात उभी असतात ती बाभळीची वनं. हो, आपलीच बाभूळ, वनस्पतिशास्त्रातही तीच जात. तिथे तिला गोनाकिए म्हणतात. सरपण, कोळसा, शेंगांचा चारा, कातडी कमावायची साल असं सगळं त्या झाडांतून मिळतं. शिवाय मुरलेल्या पाण्याने काठच्या विहिरी भरतात. एकाच पाण्यातून शेतकरी, कोळी आणि गुराखी अशी तीन माणसं एकामागून एक जगतात.

मग दुष्काळ आला. १९६८ पासून पुढची काही वर्षं साहेल, म्हणजे सहाराच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, होरपळून निघाला. १९७२-७३ मध्ये पूर इतका कमी आला की वालो कोरडा राहिला, गुरं मेली, माणसं शहरांकडे आणि फ्रान्सकडे गेली. या पार्श्वभूमीवर १९७२ मध्ये माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी ओएमव्हीएस ही नदीखोरे संघटना स्थापन केली. गिनी २००६ मध्ये आली. या संघटनेबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि टीका करण्याआधी तो सांगितला पाहिजे. तीन नव्या, गरीब देशांनी नदी आंतरराष्ट्रीय म्हणून जाहीर केली, आणि १९७८ च्या करारात तिच्यावरची मोठी बांधकामं सगळ्यांच्या सामायिक मालकीची ठरवली. मालीच्या भूमीवर उभं असलेलं धरण हे तिन्ही देशांचं धरण. एकेका टीएमसीसाठी राज्यं वर्षानुवर्षं लवादात भांडताना पाहिलेल्या आपल्याला याचं मोल कळावं.

धरणं दोन झाली. समुद्राकडून आत शिरणारं खारं पाणी थोपवण्यासाठी सेंट-लुईच्या वर २७ किलोमीटरवर दियामा, १९८६ मध्ये. आणि मालीत बाफिंगवर मानांताली, १९८८ मध्ये. मानांतालीच्या जलाशयाची क्षमता ११.३ अब्ज घनमीटर, म्हणजे ४०० टीएमसीच्या आसपास. आपल्या कोयनेच्या पावणेचारपट. त्यात सुमारे दहा हजार माणसं धरणग्रस्त झाली. बदल्यात तीन गोष्टी मिळणार होत्या: ३ लाख ७५ हजार हेक्टर बागायत, २०० मेगावॉट वीज, आणि समुद्रापासून मालीपर्यंत बारमाही जलवाहतूक. वाहतूक आजही सुरू झालेली नाही. बागायत ठरलेल्या क्षेत्राच्या निम्म्याच्याही खाली आहे. वीज २००१ च्या अखेरीपासून वाहू लागली. तिची वाटणी मालीला ५२ टक्के, सेनेगलला ३३ टक्के आणि मॉरिटानियाला १५ टक्के. बामाको, डाकार आणि नुआकशॉतला तिचा उपयोग झाला यात शंका नाही.

पुराचं काय करायचं, याचंही उत्तर योजनेत होतं. मानांतालीतून दरवर्षी ठरावीक काळ पाणी सोडून कृत्रिम पूर आणायचा, ज्यात ५० हजार हेक्टर वालो भिजेल. हे शक्य होतं, कारण बाकेलपाशी येणाऱ्या पाण्यात बाफिंगचा वाटा साधारण निम्मा. बाकोय आणि फालेमे मोकळ्या वाहत होत्या. त्यांच्या नैसर्गिक पुराला मानांतालीतून योग्य वेळी टेकू दिला की काम भागत होतं. पण योजनेत एक शब्द होता, ज्याने पुढचं सगळं ठरवून टाकलं. तो शब्द म्हणजे ‘संक्रमणकाळ’. कृत्रिम पूर हा लोक बागायतीकडे वळेपर्यंतच्या साधारण दहा वर्षांपुरता होता. म्हणजे ज्या व्यवस्थेवर खोऱ्यातली बहुसंख्य कुटुंबं जगत होती, ती कागदावर तात्पुरती सोय झाली.

अभियंत्यांचा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, कारण तो खोटा नाही. ओलीवरच्या ज्वारीचं उत्पन्न हेक्टरी अर्ध्या टनाच्या आसपास. बागायती भात पाच-सहा टन देतो. आणि सेनेगलसारख्या देशाला भात हवाच आहे. तिथलं राष्ट्रीय जेवण, मासे-भाताचं चेबुजेन, सेंट-लुईचंच. आणि ते शिजतं कणीत, म्हणजे तुकडा तांदळात. ही कणी मोठ्या प्रमाणात भारतातून जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली आणि ती बंदी थेट मार्च २०२५ मध्ये उठली. दिल्लीतल्या एका अधिसूचनेने डाकारच्या चुली हलतात, म्हणून आपला भात आपण पिकवावा असं तिथल्या सरकारला वाटतं. त्यात गैर काही नाही.

पण हेक्टरी टन हे माप कोणी निवडलं? १९८० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल होरोविट्झ आणि मुनीरा सालेम-मर्डॉक या मानवशास्त्रज्ञांच्या चमूने खोऱ्यात राहून वेगळा हिशोब मांडला. त्यांनी ज्वारीबरोबर मासे मोजले, चारा मोजला, मजुरी आणि खर्च मोजला. पाणी उतरल्यावरची शेती, मासेमारी आणि चराई एकत्र धरली, तर पूर मागासलेला ठरत नाही, हे त्यांच्या कामातून दिसलं. भाताच्या पाच टनांतून पंपाचं डिझेल, खत, बियाणं, मळणीयंत्राचं भाडं आणि बँकेचा हप्ता वजा करावा लागतो. मासे आणि चारा त्या पाच टनांत नसतातच. आणि भाताचा वाफा असतो कोणाकडे? ज्याला भूखंड मिळाला त्याच्याकडे. गुराख्याला भूखंड नाही, कोळ्याला भूखंड नाही. कालवे आले की गुरांची पाण्यावर जायची वाट बंद होते. पुराचा वाटा मात्र सगळ्यांना पोचत होता. लाभक्षेत्राच्या नकाशात जे येत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न महाराष्ट्रातही प्रत्येक प्रकल्पात मागे पडत आला आहे, आणि म्हणूनच सेनेगलचा नकाशा मला परका वाटत नाही.

दियामाच्या मागे जे घडलं ते जास्त वेदनादायक आहे. पूर्वी कोरड्या महिन्यांत समुद्राचं पाणी नदीतून २०० किलोमीटरपर्यंत आत यायचं. शेतीला ते अडचणीचं होतं, पण त्यामुळे नदी दरवर्षी धुऊन निघत होती. दियामाने ते थांबवलं आणि मागे बारा महिने गोडं, संथ, एकाच पातळीचं पाणी साठलं. त्यात पाणकणीस माजलं. गोगलगायी माजल्या. या गोगलगायींतून बिलहार्झिया या रोगाचा परजीवी जंतू पाण्यात उतरतो आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या त्वचेतून आत शिरतो. उसाच्या मळ्यांचं गाव असलेल्या रिशार-तोलमध्ये आतड्याच्या बिलहार्झियाचे रुग्ण १९८८ मध्ये पहिल्यांदा दिसले, आणि थोड्याच वर्षांत तिथली साथ जगातल्या सर्वांत तीव्र साथींत गणली जाऊ लागली. त्यात जास्त भरडली जातात ती मुलं, कारण कालव्यात पोहतात तीच, आणि धुणं धुणाऱ्या बायका.

यातली एक गोष्ट संशोधकांनी फार सुंदर उलगडली. या नदीत गोड्या पाण्याची मोठी कोळंबी असायची. तिला पिल्लं घालायला खाडीच्या मचूळ पाण्यात जावं लागतं. दियामाने तिची वाट बंद केली आणि वरच्या पाण्यातून ती जवळजवळ नाहीशी झाली. ही कोळंबी गोगलगायी खाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लांपसार गावाच्या पाणवठ्यावर ती पुन्हा सोडली, तेव्हा बाधित गोगलगायी कमी झाल्या आणि लोकांमधला संसर्गही उतरला. पुढे दुसऱ्या एका कामात पाणवठ्यांतली वनस्पती काढली, तेव्हा मुलांमधला पुनःसंसर्ग घटला आणि काढलेल्या वनस्पतीचा चारा आणि खत झालं. मला या दोन्ही कामांतून आशा वाटते, आणि रागही येतो. धरण बांधताना कोळंबीसाठी वाट ठेवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण नदीचा विचार पाण्याच्या टाकीसारखा झाला होता.

पूर नाहीसा होणं आणि जमिनीची भांडणं यांचं नातंही सांगितलं पाहिजे. धरणांमुळे काठची जमीन एकाएकी मोलाची झाली. मॉरिटानियाने १९८३ मध्येच परंपरागत जमीनहक्क रद्द करणारा वटहुकूम काढला होता. वालोची जमीन ज्या कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या कसली, त्यांच्याकडे कागद नव्हता. ९ एप्रिल १९८९ रोजी दियावारा गावाजवळ शेतकरी आणि गुराखी यांच्यात चराईवरून झटापट झाली आणि दोन सेनेगली माणसं मारली गेली. त्यानंतर दोन्ही देशांत दंगली उसळल्या. मॉरिटानियातून हजारो काळ्या नागरिकांना, प्रामुख्याने पुलार बोलणाऱ्यांना, नदीपलीकडे हाकलण्यात आलं. त्यांची कागदपत्रं काढून घेतली, गुरं काढून घेतली, जमिनी दुसऱ्यांकडे गेल्या. पलीकडच्या काठावरून आपलंच शेत दिसत असताना अनेकांनी वीस-वीस वर्षं निर्वासितांच्या वस्त्यांत काढली. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने २००८ पासून २४ हजारांच्या आसपास लोक परतले. जमीन परत मिळणं मात्र अनेकांच्या नशिबी आलं नाही. या सगळ्याचं एकमेव कारण धरण असं मी म्हणत नाही. वंशभेदाचं राजकारण तिथे आधीपासून मुरलेलं होतं. पण पुराची शेती असते तेव्हा जमिनीत अनेकांचे हक्क एकमेकांवर रचलेले असतात, हंगामानुसार आलटून पालटून. कालव्याची शेती एकच मालक मागते. तो बदल बंदुकीच्या सावलीत झाला.

पूर म्हणजे शत्रू, अशी नजर झाली की काय होतं, याचा एक प्रसंग सेंट-लुईच्या माणसांच्या अजून डोळ्यांसमोर आहे. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची एक अरुंद, लांबलचक पट्टी आहे, लांग द बार्बारी. तिच्यावर गेत न्दार ही मासेमारांची दाटीची वस्ती. ऑक्टोबर २००३ मध्ये पुराने शहराला धोका निर्माण झाला, तेव्हा पाणी लवकर समुद्रात जावं म्हणून शहराच्या दक्षिणेला सात किलोमीटरवर या पट्टीत चार मीटर रुंदीचा चर खणण्यात आला. पुराचं पाणी उतरलं. पण चर मिटला नाही. काही दिवसांत तो शेकडो मीटर झाला, पुढे काही किलोमीटर, आणि तेच नदीचं नवं मुख झालं. समुद्राच्या लाटा थेट आतल्या काठावर येऊन आदळू लागल्या. दून बाबा दियेय नावाचं गाव त्यात गेलं. तिथल्या लोकांनी घरं, विहिरी, झाडं पाण्याखाली जाताना पाहिली. विहिरी खाऱ्या झाल्या, भाजीचे वाफे गेले, आणि नव्या मुखाच्या लाटांत होड्या उलटून माणसं बुडाली. ज्यांनी चर खणला त्यांचा हेतू शहर वाचवण्याचा होता, हे मी मान्य करतो. एका रात्रीच्या घाईत नदीच्या मुखाचा निर्णय घेतला जातो आणि मुखाशी राहणाऱ्या कोळ्यांना कोणी विचारत नाही, हे मान्य करता येत नाही.

या उलट दाखला त्याच त्रिभुज प्रदेशात, मॉरिटानियाच्या बाजूला आहे. धरणांनंतर तिथली जमीन पांढऱ्या मिठाची झाली होती. १९९१ मध्ये दियावलिंग राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९९४ पासून तिथे बांध आणि दरवाजे वापरून मुद्दाम पूर आणायला सुरुवात झाली. वेळ आणि पातळी ठरवताना स्थानिक लोकांना विचारलं गेलं: मासेमारांना काय हवं, गुरं राखणाऱ्यांना काय हवं, बायकांना काय हवं. बायकांना एक विशिष्ट गवत हवं होतं. तिथल्या मूर समाजाच्या बायका त्या गवताच्या काड्या चामड्याच्या बारीक पट्ट्यांनी बांधून चटया विणतात. एक चटई पुरी व्हायला कितीतरी दिवस लागतात, आणि तिला बाजारात चांगला भाव मिळतो. पूर परत आला, मीठ धुपलं, गवत परत आलं. मासे आले, पक्षीही आले. ही जागा लहान आहे, मानांतालीपुढे तर काहीच नाही. तरी तिने एवढं सिद्ध केलं आहे की पूर परत आणता येतो, आणि त्याची मापं चटई विणणारीच्या सांगण्यावरून ठरवता येतात.

ऑक्टोबर २०२४ चा पूर माझ्या विरोधात पुढे केला जाईल. त्या वर्षी नदीने बाकेलची दहा मीटरची धोक्याची पातळी ओलांडली. बाकेल, मातम, पोदोरकडची गावं पाण्यात गेली, भाताची शेतं बुडाली, माणसं बेघर झाली. पूर हवा म्हणणाऱ्याने त्या लोकांच्या डोळ्याला डोळा देऊन बोललं पाहिजे. मी असं म्हणेन: ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पुराबरोबर दिवस काढले, त्यांची घरं उंचवट्यावर होती आणि शेतं खाली. पूर दहा-दहा वर्षं नीट येत नाही तेव्हा घरं, वाफे, रस्ते खाली उतरतात, कारण लोकांना वाटतं पाणी आता येणार नाही. नेमाने येणारा, आगाऊ जाहीर केलेला, ठरल्या उंचीचा पूर माणसाला पाण्याची जागा विसरू देत नाही. आणि मोठा पूर अडवण्याचं काम धरणाने जरूर करावं. त्याचसाठी दरवाजे आहेत.

आता पुढचा प्रश्न, जो सगळ्यात तातडीचा आहे. बाफिंगवर गिनीत कुकुतांबा धरण येऊ घातलं आहे. २०१९ मध्ये त्यासाठी चिनी कंपनीशी करार झाला. त्यावर चर्चा होते ती चिंपांझींची, कारण ती जागा त्यांच्या अधिवासात आहे, आणि ती चर्चा योग्यच आहे. पण खालच्या खोऱ्याच्या दृष्टीने मला जास्त काळजी वाटते ती फालेमेवरच्या प्रस्तावित गुरबासी धरणाची. मानांतालीनंतरही जो काही नैसर्गिक पूर वालोत येतो, तो बाकोय आणि फालेमेच्या मोकळेपणामुळे. कृत्रिम पुराचं गणितच या दोघींच्या पाण्यावर टेकलेलं आहे. फालेमे अडली की पुराचा तो उरलेला आधारही कोणाच्या तरी बटणाखाली जाईल.

फालेमे आधीच आजारी आहे. सोन्यासाठी तिचं पात्र उपसलं जातं. पाणी गढूळ होऊन जातं. जुलै २०२४ च्या अखेरीस सेनेगल सरकारने डाव्या काठापासून ५०० मीटरच्या आत खाणकामाला ३० जून २०२७ पर्यंत स्थगिती दिली. सरकारने हे केलं याचं मला समाधान आहे; पलीकडचा काठ मालीचा आहे, आणि तिथेही तेच झाल्याशिवाय अर्ध्या नदीची स्वच्छता होत नाही. इथेच ओएमव्हीएसचा कस लागतो. धरण सामायिक मालकीचं करता येतं, तर गढूळपणाची जबाबदारीही सामायिक करता आली पाहिजे.

मागणी म्हणून मला तीन गोष्टी दिसतात, आणि त्यातली पहिली बाकीच्यांचा पाया आहे. ओएमव्हीएसच्या २००२ च्या जलसनदेत मासेमारी, पशुपालन, शेती, पर्यावरण या सगळ्यांची नोंद आहे, कृत्रिम पुराचाही उल्लेख आहे. पण उल्लेख आणि अग्रक्रम यांत फरक असतो. मानांतालीचं वार्षिक पाणीनियोजन करताना पुराचा हिस्सा पहिल्या ओळीत मांडावा: अमुक तारखेपासून, बाकेलला अमुक पातळी, इतके दिवस. वीज उरलेल्या पाण्यावर करावी. डाकारला त्यामुळे जी वीज कमी पडेल ती सूर्यावर करता येते, आणि साहेलमध्ये सूर्य कमी नाही. ओलीची ज्वारी दुसऱ्या कशावर करता येत नाही.

दुसरी, ज्या वर्षी खरोखरच पाणी नसेल आणि पूर रद्द होईल, त्या वर्षी वीजविक्रीच्या पैशातून खोऱ्यातल्या कुटुंबांना भरपाई मिळावी. धरणग्रस्त म्हणजे ज्याचं घर बुडालं तो, अशी आपली समजूत आहे. मानांतालीखाली, शेकडो किलोमीटर दूर, ज्याचं शेत कोरडं राहिलं तोही धरणग्रस्तच आहे, आणि त्याची गणती कोणत्याही पुनर्वसनाच्या यादीत झाली नाही.

तिसरी, पाणी कधी आणि किती सोडायचं ते ठरवणाऱ्या ओएमव्हीएसच्या आयोगाच्या खोलीत बसणारे आज सरकारांचे प्रतिनिधी आहेत. तिथे मतासह जागा हवी ती वालोच्या शेतकऱ्याला, गुराख्याला, सुबालबे कोळ्याला आणि कालव्यावर धुणं धुणाऱ्या बाईला. या चार जागा भरल्याशिवाय आणि पुराची तारीख करारात लिहिल्याशिवाय गुरबासीचा पहिला दगड बसू नये.

दरवर्षी ऑगस्टमध्ये डोंगरात पाऊस भरात येतो आणि बाकेलचा माणूस नदीच्या मोजपट्टीकडे बघायला लागतो. त्याने बियाण्याची ज्वारी वेगळी काढून ठेवलेली असते. पाणी किती चढणार, किती दिवस राहणार, हे पूर्वी तो ढगांकडे आणि पाण्याच्या रंगाकडे बघून ओळखायचा. आता त्याला ते दुसऱ्या देशातल्या, शेकडो किलोमीटर वरच्या एका नियंत्रणकक्षाकडून कळावं लागतं. निदान ते त्याला जुलैमध्येच, त्याच्या भाषेत, गावच्या रेडिओवर कळवावं.